कौशल्य पडून राहतं अशा नोकरीत काय करायचं

काम सोपं असतं, पगार वेळेवर होतो, वरिष्ठ त्रास देत नाहीत, आणि तरीही संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. हे कुणाला सांगायला गेलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. "नोकरी आहे ना, मग तक्रार कसली?" किंवा "एवढं नको असेल तर सोडून दे." नेमकं काय दुखतंय हे मात्र कुणी विचारत नाही. मला वाटतं, सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकले. शिकताना बहुतेक वेळ क्रोमॅटोग्राफीत गेला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत बसवणं, ती का चालत नाही ते शोधणं, पुन्हा बसवणं. नोकरी लागली ती कच्चा माल तपासणाऱ्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये. सॅम्पल घ्यायचं, वजन करायचं, टायट्रेशन करायचं (ज्ञात ताकदीचं द्रावण किती लागतं त्यावरून पदार्थाचं प्रमाण काढायचं), ओलावा मोजायचा, रजिस्टरमध्ये आकडा लिहून सही करायची, की पुढचं सॅम्पल. पद्धत दुसऱ्याने लिहिलेली, मर्यादा दुसऱ्याने आखलेल्या. मर्यादेबाहेरचा आकडा आला तर त्याचं काय करायचं, हेही तिसराच कुणीतरी ठरवणार. अशा कामात मी बरीच वर्षं काढली आहेत. खाली लिहिलंय ते त्या वर्षांत करून पाहिलेलं आणि या विषयावर वाचलेलं. ज्यांना आज लगेच नोकरी सोडता येणार नाही, त्यांच्यासाठी ते जास्त उपयोगाचं आहे.

हा त्रास मनाचे खेळ नव्हे, हे आधी सांगते. मेल्विन कोन आणि कार्मी स्कूलर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत १९६४ मध्ये मुलाखती घेतलेल्या पुरुषांपैकी अनेकांना दहा वर्षांनी पुन्हा गाठलं. १९७८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की कामातली गुंतागुंत माणसाच्या विचारांची लवचीकता वाढवते, आणि लवचीक विचारांचा माणूस पुढे अधिक गुंतागुंतीच्या कामाकडे जातो. परिणाम दोन्हीकडून होतो. याचा दुसरा अर्थ असा की वर्षानुवर्षं डोकं न लागणारं काम करत राहिलं, तर ते काम हळूहळू आपल्याला आपल्या मापाचं करून घेतं. म्हणून "सवय होईल" हा दिलासा मला पटत नाही. सवय होणं हाच तर धोका आहे.

आधी एक वही करा

दोन आठवडे एक वही जवळ ठेवा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, स्वतःची वही. दर तासाला एक ओळ लिहा: काय केलं, किती वेळ गेला, आणि हे काम करायला किमान किती शिक्षण लागतं. या तिसऱ्या रकान्यात अगदी खरं लिहायला हवं. लिहिता-वाचता येणारा कुणीही हे करेल, महिनाभर शिकवलेला माणूस करेल, की याला तुमचंच शिक्षण लागतं? स्वतःचं काम आहे त्यापेक्षा हलकं लेखायचा मोह होतो, तसा भारी ठरवायचाही होतो. दोन्ही टाळा.

चौथा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो: काम करताना काय लक्षात आलं, पण ज्याचं पुढे काही केलं नाही. "दोन्ही पिशव्यांमधल्या पावडरचा रंग किंचित वेगळा होता." "हा आकडा आठवड्याच्या शेवटी नेहमी वर जातो." "एकच माहिती तीन ठिकाणी लिहितोय." तुमचं न वापरलेलं शिक्षण या रकान्यात दिसेल. ते शिक्षण नसलेल्या माणसाच्या हे लक्षातच आलं नसतं.

वही भरली की ती सलग वाचा. चारपैकी एक गोष्ट, किंवा त्यांचं मिश्रण, समोर येतं. कुठे कामच कमी असतं, तासन्‌तास रिकामे जातात. कुठे काम भरपूर असतं पण सगळं सोपं. कुठे काम अवघड असतं, पण तुमच्या विषयाचं नसतं: भाषा शिकलेला माणूस दिवसभर खरेदीची कागदपत्रं सांभाळतो आणि दमतोही. आणि कुठे विषय बरोबर, पातळीही बरोबर, पण एकही निर्णय तुमच्या हातात नसतो. बाहेरून या चारही माणसांची तक्रार सारखीच ऐकू येते. उपाय मात्र निराळे. काम कमी असलेल्याने काम मागायचं. सोपं काम भरपूर असलेल्याने आणखी काम मागितलं तर त्याला आणखी सोपं कामच मिळेल. विषय चुकलेल्याने विभाग बदलण्याकडे बघायचं. निर्णय नसलेल्याने एखादा लहानसा निर्णय मागायचा, कामाचं प्रमाण आहे तेवढंच ठेवून. माझ्या वहीत दुसरी अवस्था ठळक होती आणि चौथी तिच्या आड दडलेली.

काय आधी विसरलं जातं

"माझं ज्ञान वाया जातंय" या वाक्यावर काहीच करता येत नाही, ते फार मोठं आहे. त्याचे तुकडे करा. माझे तुकडे असे होते: यंत्र हाताळणं, नवी पद्धत बसवणं, विचित्र आलेख आला की कारण शोधणं, आकड्यांचं सांख्यिकी विश्लेषण, अहवाल लिहिणं, नवख्याला शिकवणं. मग प्रत्येकापुढे लिहायचं, हे शेवटचं कधी केलं.

सगळे तुकडे सारख्या वेगाने जात नाहीत. विनफ्रेड आर्थर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कौशल्य न वापरल्याने काय होतं यावरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेल्या कौशल्यात कामगिरी सरासरी सुमारे १.४ प्रमाण विचलनांनी (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं हे माप) खाली आली होती. म्हणजे शिकून तयार झाला तेव्हा वर्गाच्या मध्यावर असलेला माणूस त्याच वर्गाच्या खालच्या दहाव्या हिश्श्यात जाऊन बसतो. आणि शरीराने करायच्या कामांपेक्षा विचाराची, अचूकतेची कामं जास्त झरझर विसरली जातात. मी हे स्वतःच्या बाबतीत पाहिलं. पिपेट हातात घेतली की हात आपोआप बरोबर चालतो. पण कुठला कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) घ्यायचा, द्रावकाचं प्रमाण कुठून सुरू करायचं, हा अंदाज धूसर व्हायला लागतो.

म्हणून यादीतली दोनच कौशल्यं निवडा. विचाराची, लवकर जाणारी, आणि ज्यांच्यावाचून पुढचं काम मिळणार नाही अशी. सगळी यादी जपायला निघालं तर महिनाभरात सगळंच सुटतं. मी पद्धत बसवणं आणि आकड्यांचं विश्लेषण ही दोन धरली. शिकवण्याचं कौशल्य मला प्रिय होतं, तरी ते मागे ठेवलं, कारण ते पुन्हा जमवता येईल असं वाटलं.

आठवड्यातून एक बैठक

ही दोन कौशल्यं नोकरीबाहेर जिवंत ठेवायची, तर आठवड्यातून एक ठरलेली बैठक पुरते. पण ती बसून वाचण्याची नको. वाचताना सगळं कळतंय असं वाटतं, कारण उत्तर समोरच असतं. बैठकीत काहीतरी ठरवायला लागलं पाहिजे, आणि ते चुकलं तर कळलं पाहिजे.

माझी रीत अशी. विषयातला एखादा प्रकाशित शोधनिबंध घेते, त्यातला प्रश्न आणि सॅम्पलचं वर्णन तेवढं वाचते, आणि पुढची पानं झाकते. मग मी असते तर काय केलं असतं ते कागदावर लिहिते: कॉलम कुठला, द्रावक कुठले, पहिली अडचण कुठे येईल. आकड्यांनिशी लिहायचं, "बघून ठरवू" चालणार नाही. नंतर झाकलेलं उघडायचं आणि कुठे वेगळं पडलं ते लाल पेनाने नोंदवायचं. हिशेबनीसाला हे एखाद्या कंपनीच्या प्रसिद्ध ताळेबंदावर करता येईल, प्रोग्रामरला एखाद्या खुल्या प्रकल्पातल्या नोंदवलेल्या बगवर, अनुवादकाला आधी अनुवाद झालेल्या उताऱ्यावर. तत्त्व एकच: आधी स्वतःचा निर्णय, मग पडताळा.

त्याहून चांगलं म्हणजे कुणाला तरी खरोखर लागणारं काम. एखाद्या स्वयंसेवी गटाकडे तपासण्यांचे आकडे पडून असतात आणि ते वाचणारं कुणी नसतं. अशा ठिकाणी महिन्यातून दोन वेळा बसलं तरी पुरे. तिथे चूक झाली तर कुणाचं तरी नुकसान होणार असतं, म्हणून डोकं पूर्ण जागं राहतं. मात्र दोन गोष्टी आधी पाहून घ्या. तुमच्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय, आणि त्या गटाला तुम्ही किती वेळ देऊ शकता ते त्यांना आधीच स्पष्ट सांगितलंय का.

बैठक कधी ठेवायची याबद्दल माझं ठाम मत आहे: कामाच्या आधी, नाहीतर सुट्टीच्या सकाळी. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये नोकऱ्यांचे प्रकार मांडले, त्यांत मागणीही कमी आणि निर्णयाचा अधिकारही कमी अशा नोकरीला त्यांनी 'निष्क्रिय' म्हटलं. अशा नोकरीतल्या माणसाचा फुरसतीचा वेळही मंदावत जातो, हे त्यांनी स्वीडनमधल्या माहितीवरून दाखवलं. मला हे वाचून फार हायसं वाटलं. संध्याकाळी काही करावंसं वाटत नाही हा आळस आहे असं अनेक जण मनात धरून बसतात. दिवसभराच्या कामाचाच तो परिणाम असतो. त्यामुळे संध्याकाळवर भिस्त ठेवू नका.

आहे त्या कामात जागा काढणं

एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की माणसं आपल्या कामाला आतून आकार देत असतात: काय करायचं ते थोडं बदलतात, कुणाशी संबंध ठेवायचा ते बदलतात, आणि त्या कामाकडे कसं पाहायचं ते बदलतात. रुग्णालयातले सफाई कर्मचारी हे त्यांचं उदाहरण. काहींनी आपलं काम फरशीपुरतं धरलं होतं, काहींनी रुग्ण बरा होण्याचा एक भाग म्हणून, आणि दोघांचा दिवस वेगळा जात होता. यातला पाहण्याचा दृष्टिकोन बदला हा भाग वरिष्ठांना फार आवडतो, कारण त्यात त्यांना काही द्यावं लागत नाही. माझा अनुभव असा की आधी कामात प्रत्यक्ष काहीतरी बदलावं लागतं. दृष्टिकोन मागाहून येतो.

सुरुवात करायची ती आधीच जमा होत असलेल्या माहितीपासून. जवळजवळ प्रत्येक कंटाळवाण्या कामात आकडे किंवा नोंदी साठत असतात, आणि त्या लिहिणाराच त्या कधी वाचत नाही. आमच्याकडे रोज सकाळी ज्ञात शुद्धतेच्या एका सॅम्पलचं टायट्रेशन व्हायचं, फक्त पद्धत ठीक चालते आहे ना हे पाहायला. आकडा मर्यादेत आला की सही, पान उलटायचं. वहीच्या चौथ्या रकान्यात मी लिहून ठेवलं होतं की हा आकडा आठवड्याच्या शेवटी वर जातो. म्हणून ते जुने आकडे एका आलेखावर मांडले.

आलेखाची ही रीत वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या उद्योगात मांडली, आणि कुठल्याही कामात ती चालते. मध्ये सरासरीची रेघ, वर आणि खाली तीन प्रमाण विचलनांवर एकेक रेघ, आणि आकडे आले त्या क्रमाने ठिपके. रेघांबाहेरचा ठिपका कुणालाही दिसतो. शिकलेल्या नजरेचं काम पुढचं आहे: सलग आठ ठिपके मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडले, किंवा ओळीने चढत गेले, तर सगळे मर्यादेत असूनही काहीतरी घडतं आहे.

माझ्या आलेखात करवतीचे दाते दिसले. आठवडाभर आकडा थोडाथोडा चढायचा आणि एका ठरावीक दिवशी धपकन खाली यायचा. तो दिवस द्रावणाची ताकद नव्याने काढण्याचा. आम्ही वापरत असलेलं कास्टिकचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि कमजोर होत जातं. कमजोर द्रावण जास्त लागतं, पण हिशेबात ताकद जुनीच धरलेली, म्हणून उत्तर किंचित जास्त येतं. हे पुस्तकातलंच आहे. नवीन होतं ते हे, की एका टेबलावरचे दाते दुसऱ्या टेबलापेक्षा जास्त उभे होते. त्या टेबलावरच्या बाटलीला हवा गाळण्यासाठी सोडा लाइमची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या पदार्थाची, नळी असते, आणि तिच्यातला माल संपून गेला होता. आकडे मर्यादेत असल्याने तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

एवढंसं काम. पण त्यात माझी दोन्ही कौशल्यं लागली, आणि लॅबमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?"

इथे एक इशारा फार महत्त्वाचा. मी आकडे पाहिले, नळी स्वतःहून बदलली नाही. जिथे लिहून ठेवलेल्या पद्धतीने काम करण्याचं बंधन असतं, म्हणजे औषध, अन्न, रुग्णालय, विमान, हिशेब तपासणी अशा क्षेत्रांत, तिथे कितीही लहान सुधारणा परस्पर करू नका. माहिती वाचा, लिहून काढा, मंजुरी घ्या, मग हात लावा. कंटाळलेल्या हुशार माणसाकडून पद्धतीत परस्पर फेरफार होणं ही खरी जोखीम आहे, आणि एकदा तसं झालं की पुढे बरीच वर्षं कुणी तुमच्यावर काही सोपवत नाही.

दुसरी जागा म्हणजे कुणालाच नको असलेली पण डोकं लागणारी कामं. प्रत्येक कार्यालयात ती असतात. आमच्याकडे चार होती: दुसऱ्याच्या नोंदी तपासून दुसरी सही करणं, आकडा चुकला की त्याच्या कारणाचा अहवाल लिहिणं, जुनी एसओपी (कामाची ठरवून दिलेली लेखी पद्धत) नव्याने लिहिणं, आणि नवं यंत्र घ्यायचं असेल तेव्हा पुरवठादारांच्या माहितीची तुलना करणं. क्रोमॅटोग्राफीचं यंत्र माझ्या हातात नव्हतं, ते शेजारच्या खोलीत होतं. पण तिथल्या आलेखांवर दुसरी सही करायला कुणी तयार नसायचं, कारण त्यात वेळ जातो आणि चूक सापडली तर कटुता येते. ते काम मी मागून घेतलं. यंत्राला हात न लावता रोज काही आलेख डोळ्यांखालून जाऊ लागले, आणि विचित्र आलेखाचं कारण शोधण्याची सवय टिकली. त्या खोलीतली सहकारी पुढे अडलं की मलाच हाक मारू लागली.

अशी कामं घेताना एकच कसोटी लावा: निवडलेल्या दोन कौशल्यांपैकी एक तरी यात लागतं का? नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. सहलीचं नियोजन, मिटिंगचं टिपण, प्रिंटरची दुरुस्ती ही सगळी कामं "तुम्हाला जमेल" म्हणून हुशार माणसाच्या अंगावर येतात. ती करून चांगुलपणाचं नाव मिळतं, कौशल्याचं मिळत नाही. बायकांच्या वाट्याला ती जास्त येतात, हेही स्पष्ट म्हणते.

सामान्य कामातल्या अडचणीतून केवढं निघू शकतं याचं मला आवडणारं उदाहरण विल्यम गॉसेट यांचं. रसायनशास्त्र शिकून ते १८९९ मध्ये डब्लिनला गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत लागले. तिथे मोजमापं थोडीच मिळत आणि त्यांवरून निर्णय घ्यावे लागत. थोड्या सॅम्पलवरून किती खात्री धरावी हा प्रश्न त्यांनी सोडवत नेला, आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. आजही प्रयोगशाळांत रोज वापरली जाणारी टी-टेस्ट ती हीच. त्यांना वाव देणारी कंपनी मिळाली हे खरं, सगळ्यांना ती मिळत नाही. पण प्रश्न रोजच्या कामातच होता.

मागायचं कसं

"मला कंटाळा येतो" किंवा "माझं शिक्षण याहून जास्त आहे" असं म्हणून सुरुवात करू नका. दोन्ही वाक्यं खरी असली तरी ऐकणाऱ्याला ती आरोपासारखी लागतात. आधी एक सापडलेली गोष्ट, मग एक लहान प्रयोग, त्याला लागणारा वेळ, आणि कुठे थांबायचं. मी बोलले ते साधारण असं:

"सर, सकाळच्या कंट्रोल सॅम्पलचे जुने आकडे मी आलेखावर मांडलेत. सगळे मर्यादेत आहेत, पण दोन नंबरच्या टेबलावर आठवडाभर आकडा चढत जातो. बाटलीत हवा जात असावी असं वाटतं. नळी बदलायला मंजुरी द्याल का? मग दोन आठवडे दोन्ही टेबलांचे आकडे शेजारी ठेवून बघू. रोज वीसेक मिनिटं लागतील, माझी सॅम्पल्स मागे पडणार नाहीत. फरक नाही पडला तर तिथेच थांबवू."

यात वरिष्ठांना हो म्हणायला फार थोडं द्यावं लागतं. वेळही पाहून बोला, महिनाअखेरच्या धावपळीत नको. बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवा: काय ठरलं, कधीपर्यंत. त्यात तक्रारीचा सूर नको, नोंद पुरे. आपल्या आलेखांवर आणि टिपणांवर नाव आणि तारीख घालायची सवय लावा, म्हणजे श्रेय कुणाचं हा वाद पुढे उद्भवत नाही.

"बघू" हे उत्तर आलं तर विचारा, "पुढच्या महिन्यात कधी आठवण करू?" आणि तारीख घ्या. "नाही" आलं तर कारण विचारा, कारण त्यावर पुढचं अवलंबून असतं. नियम आड येत असेल तर नियमात बसेल अशी मांडणी करता येते. माणसं कमी असतील तर तुमचं सध्याचं काम कोण करेल याचा तोडगा घेऊन पुन्हा जा. विश्वास नसेल तर आणखी लहान गोष्ट मागा. आणि कारणच सांगितलं जात नसेल, तर तीही माहितीच आहे. वहीत लिहून ठेवा.

अनेक वरिष्ठांना भीती असते की जास्त शिकलेला माणूस आज ना उद्या जाणारच, मग त्याच्यावर वेळ कशाला घालवायचा. याबाबत बेरिन एर्दोगान आणि तालिया बाउअर यांचा २००९ चा अभ्यास सांगण्यासारखा आहे. तुर्कस्तानातल्या कपड्यांच्या दुकानांत त्यांनी पाहिलं की आपण या कामासाठी जास्तच शिकलेलो आहोत असं वाटणाऱ्या विक्रेत्यांची विक्री उलट चांगली होती. आणि जिथे त्यांना कामात अधिकार होता, तिथे त्यांचं असमाधान आणि सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं. थोडा अधिकार दिला तर माणूस टिकतो, हे वरिष्ठांच्याच फायद्याचं आहे.

थकवा, आणि सोप्या कामातल्या चुका

सोप्या कामात चुका होणार नाहीत असं गृहीत धरलं जातं. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या प्रयोगात माणसांना दोन तास एका घड्याळासारख्या काट्याकडे बघत बसायचं होतं, आणि काट्याने मधूनच मारलेली मोठी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटायला लागल्या. तेव्हा एकसुरी काम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत पाडा आणि मध्ये वेगळ्या जातीचं काम घाला: वजनं झाली की कागद, कागद झाले की फोन. माझ्यासाठी संध्याकाळचा थकवा यानेच सगळ्यात लवकर कमी झाला.

कामच कमी असेल, तर व्यग्र असल्याचं भासवत बसू नका. स्वित्झर्लंडच्या फिलिप रोथलिन आणि पेटर वेर्डर यांनी २००७ मध्ये या अवस्थेला 'बोरआउट' हे नाव दिलं. काम नसल्याचं लपवण्यासाठी माणसं काय काय युक्त्या करतात आणि त्यानेच कशी आणखी अडकतात, हे त्यांनी मांडलं. लपवण्यात जाणारी शक्ती फार मोठी असते. आणि कुणी जाणूनबुजून काम काढून घेऊन कोपऱ्यात बसवत असेल, तर तो वेगळा विषय आहे. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये अशा एका प्रकरणात हा मानसिक छळ ठरवला. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते जाणकाराला विचारा आणि तारखांसह नोंदी ठेवा.

झोप मोडत असेल, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होत असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल आणि हे काही आठवडे चालू असेल, तर डॉक्टरांकडे जा. वहीने आणि आलेखाने ते बरं होणार नाही.

राहायचं की निघायचं

राहण्याचीही चांगली कारणं असतात. घरात कुणाची शुश्रूषा चालू असते, कर्ज फेडायचं असतं, पुढचं शिक्षण चालू असतं आणि ही नोकरी त्यासाठी डोकं मोकळं ठेवते. अशा वेळी राहण्यात काही कमीपणा नाही. फक्त किती काळ, हे ठरवून कॅलेंडरवर तारीख घाला आणि त्या दिवशी वही पुन्हा उघडा. दोन्ही निवडलेली कौशल्यं जागेवर आहेत का, एवढंच बघायचं.

दोनदा नीट मागून, तारखा देऊनही काही हललं नाही आणि कौशल्यं उतरू लागली, तर निघायची तयारी सुरू करा. नोकरी हातात असतानाच करा. कामाची नोंद तीन वाक्यांत लिहा: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, त्याने काय बदललं. "रोजच्या तपासण्या केल्या" यातून कुणालाच काही कळत नाही. "नियमित नोंदींच्या विश्लेषणातून मर्यादेच्या आत दडलेला बदल शोधला, त्याचं कारण दाखवलं" यातून कळतं. कंपनीचे खरे आकडे, बॅच नंबर, ग्राहकांची नावं सोबत नेऊ नका. तोच आलेख बनावट आकड्यांवर काढून दाखवता येतो, आणि ते आकडे बनावट आहेत हे त्यावर लिहा.

नव्या मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा, नाहीतर पुन्हा तशाच खुर्चीत जाऊन बसाल. या जागेवरच्या माणसाने गेल्या काही महिन्यांत स्वतः कोणते निर्णय घेतले? आधीचा माणूस कुठे गेला, वरच्या पदावर की बाहेर? दिवसातला किती वेळ लिहून ठेवलेल्या पद्धतीत जातो आणि किती अडचणी सोडवण्यात? काही सुचलं तर ते कुणाकडे न्यायचं आणि किती दिवसांत उत्तर मिळतं? शक्य असेल तर कामाची जागा दाखवायला सांगा आणि त्याच पदावरच्या माणसाशी दहा मिनिटं बोलायची परवानगी मागा. निर्णयांच्या प्रश्नावर मुलाखत घेणारा एकही उदाहरण देऊ शकला नाही, तर पगाराचा आकडा ऐकण्याआधीच ते लिहून घ्या.